गाळणीला वळसा

५ जून
साक्रीपासून तासाभरावरच्या या गावात आज पाणीपुरवठ्याच्या कामावर रुजू झालो. झकास गाव! धरणाचं पाणी वाळूच्या गाळणीतून हौदात येतं, हौदातून घरोघरी. सगळा कारभार माझ्या एकट्याच्या हाती. मोतीलालनानांकडे खोली मिळाली. नानांच्या पत्नी प्रमिलाअक्कांनी कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढला. त्यांची चिमुरडी नात भूमिका माझ्या मांडीवरून हलायलाच तयार नाही.

११ जून
वाळू गाळाने तुंबलीय. धुवायची तर दिवसभर नळ बंद, आणि गावात उद्या हळद. बायका माझ्यावर नुसत्या कडाडल्या. म्हटलं, मरो! गाळणीला वळसा घालणाऱ्या पाइपाचा वॉल उघडला. आता पाणी गाळणीत न जाता थेट हौदात. एका दिवसाचा तर प्रश्न.

१४ जून
नळाला असा जोर गावाने जन्मात पाहिला नव्हता म्हणे. शाल काय, नारळ काय! बठ्ठा गाव तुमनं नाव लेस भाऊ, असं अक्का म्हणाल्या. सगळ्या गावाच्या तोंडी माझंच नाव! नानांनी चारचौघांत विचारलं, वाळू धुतली ना? धुतली, म्हणालो. आता वॉल बंद केला तर जोर जाईल आणि माझं खोटं उघडं पडेल. साक्रीहून पाण्याचा जार आणून खाटेखाली लपवलाय. लाज वाटते, पण पितो तेच.

१९ जून
बादलीत पांढरा दोरा दिसला. उचलायला गेलो तर बोटाला गुंडाळला गेला. आपणहून.

२२ जून
भूमिकाच्या पावलाला फोड. त्यातून दोऱ्याचं टोक बाहेर येतं, आत जातं. पोर रडून रडून निळी पडली. पाण्यात तर काही नसेल ना, अक्कांनी मलाच विचारलं. नाही म्हणालो. लगेच विश्वास ठेवला त्यांनी. थू माझ्या जिण्यावर!

२४ जून
वॉल फिरत नाही. आतून कोणी धरून ठेवल्यासारखा — सकाळपासून अख्खा गाव हौदावर. फोड आलेले पाय पाण्यात सोडून बसलेत. आग थांबते म्हणे. हसताहेत. मधोमध भूमिका —

२५ जून
सांगायलाच गेलो होतो. अक्कांनी तांब्या पुढे केला. आधी पाणी प्या, मग बोला, म्हणाल्या. नको म्हणावं तर कारण सांगावं लागतं —
प्यालो. अख्खा तांब्या.
आता सगळे माझ्या दारात. काय सांगायचं होतं, विचारताहेत. सांगतो, देवाशप्पथ सांगतो — पण तोंड उघडलं की घशातून वर काहीतरी — जीभ हलू देत नाही — इथेच लिहून दाखवतो —
अक्का, तो वॉल मी उघ—