बन्सीला काढल्याबिगर अपडेट व्हत न्हाई

तीर्थरूप भारतमामांस, लुधियान्याहून भाचा दत्ता याचा वाकून दंडवत.

तुमचा गुडघा कसा हाय, सारजामामीला तेल चोळू देता का अजून उठून पळता, काळी म्हैस व्याली का, समदं कळवा. आबांनी तुम्हाला आठवणीनं रामराम सांगितलाय. मी फोन केला की तुम्ही “उसाला दारं धरायला चाललोय रं” म्हणून ठेवता, म्हणून कागद घेतला. मला तर इथं एका जागी बसवत न्हाई. हे पत्रसुद्धा गोदामात येरझारा घालत लिहितोय (अक्षर त्यामुळं असं हाय. शाळेमुळंबी हाय).

तर झालं असं. स्वेटरच्या गोदामात माझं काम म्हंजी कॉम्प्युटरमधून स्टिकर काढायचं आन् खोक्याला चिकटवायचं. कॉम्प्युटर लिनक्सवाला, कारण ते फुकट मिळतं आन् आमच्या मालकाला फुकटचं फार गोड लागतं. सोमवारी माल आला नव्हता, माझ्या बोटांना चैन पडंना. कोपऱ्यात ‘अपडेट करा’ असं दिसत होतं, दाबलं. स्टिकरचा नवा प्रोग्राम म्हणला, मी येतो, पण आधी माझ्या जोडीचं अमुक पॅकेज (म्हंजी दुसरा बारका प्रोग्रामच) नवं आणा. बरं, आण म्हणलं. अमुक म्हणलं, आधी तमुक पाहिजे. तमुक म्हणलं, माझ्या जागेवर एकजण बसलाय, त्यो उठल्याबिगर मी उंबरा वलांडत न्हाई. मामा, हा कॉम्प्युटर न्हाई, आपला गोतावळा हाय! (थोरल्या आत्याला घरी जाऊन पत्रिका दिल्याबिगर धाकटी येत न्हाई, धाकटी म्हणती आधी माझ्या दिराचा मान, आन् दीर म्हणतो, अमका पंगतीला असंल तर माझं पान मांडू नका.)

फोनवर शोधलं तर कुणीतरी लिहिलेलं, बसलेल्याला काढून टाका. काढायला सांगितलं. कॉम्प्युटरनं विचारलं, ह्याच्यासंगं हे समदेबी जातील, चालंल का? खाली ही लांबलचक नावं. नावं कोण वाचतंय, ग्रामसभेत ठरावाला हात वर करतो तसं ‘व्हय’ दाबलं. एकाला उठवायला गेलो आन् अख्खी पंगत उठली. चित्रं गेली, खिडक्या गेल्या, काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ नुसती डोळा मारत राहिली. तेवढ्यात मालाचा ट्रक दारात. मालक वरडला, “ओए दत्ते, क्या किया तूने?” म्हणलं, “मैंने सिर्फ हाँ बोला जी.”

मग फोनमधलं बघून त्याच काळ्या पडद्यावर एकेक अक्षर ठोकत बसलो. शेवटी कळलं, भांडण पॅकेजांचं नव्हतंच. माझ्या आधीच्या कामगारानं, कॉम्प्युटरनं पॅकेजांचा माल कुठनं आणायचा त्या यादीत बाहेरचं एक दुकान घुसडलं होतं. ते दुकान मधी तोंड घालून आपलाच माल पुढं करायचं, आन् त्यो घरच्या मालाला जुळायचा न्हाई. दुकान खोडलं, यादी नव्यानं मागवली, बाहेरच्या पॅकेजाच्या जागी घरचं बसवलं. मग समदी कशी गुमान रांगेत आली, उठलेली पंगतबी परत बसली. स्टिकर निघाले, ट्रक गेला. मालकानं लस्सी पाजली आन् रविवारची सुट्टी कापली.

तवापासून मला आबांचा चुलतभाऊ बन्सी आठवतोय. डेअरीच्या निवडणुकीत तुम्ही एका पॅनेलात, आबा दुसऱ्या, ते ठीक. पण “दाजी तुम्हाला असं म्हणले” हे तुम्हाला कुणी सांगितलं? बन्सीनं. “मेव्हणा तुम्हाला तसं म्हणला” हे आबांना कुणी सांगितलं? बन्सीनंच. तुम्ही दोघांनी एकमेकांच्या तोंडून कवा काय ऐकलंय का?

असू द्या. गुडघ्याला जपा. मामींच्या पाया पडतो.

तुमचाच,
दत्ता

ता. क. पुढच्या महिन्यात माझ्या पाठच्या करिश्माचं लग्न हाय. पोरीला मांडवात मामानंच आणायचं असतं. आबा म्हणत्यात, मामा न्हाई आला तर बन्सी आणील. करिश्मा म्हणती, मग मी खोलीतनं भाईरच येत न्हाई, आन् ती तुमच्यावर गेलीय, खरंच यायची न्हाई. तुमच्या कासुर्डीहून आमचं न्हावरं काय लांब न्हाई मामा, या.

आणखी ता. क. आबांनी रामराम सांगितलेला न्हाई, त्यो माझ्या पदरचा. आबांनाबी असंच पत्र टाकलंय, त्यात रामराम तुमचा हाय. दोन्ही पत्रं ताडून बघायची असतील तर खुशाल बघा, पण करिश्माला मांडवात उभी केल्यावर.