मागच्या दारानं

फ्रीसलँड,
मंगळवार, १४ मार्च १९४४

बाउक्येताई,

तुला आणि भावोजींना नमस्कार. हे पत्र टपालानं नाही, दूधवाल्या सिब्रेनच्या हाती पाठवतेय. वाचून झालं की चुलीत टाक.

आम्ही दोघं नवरा-बायको बरे आहोत. बटाटे पुरताहेत, डाऊवचा खोकला कमी आहे. ईस्टरला येऊ नकोस म्हटलं म्हणून तू रागावलीस. घरात जागा नाही, हे मी खोटंच लिहिलं होतं.

ताई, आमच्याकडे माणसं आहेत. रोझेट आणि तिचा नवरा योनास, ॲमस्टरडॅमचे ज्यू. सोळा महिने झाले. गोठ्याच्या फरशीखाली डाऊवनं खड्डा खणलाय. कोणी आलं की दोघं त्यात उतरतात.

गेल्या गुरुवारी सकाळी शेजारच्या हार्मेनच्या गवतात लपवलेले दुसरे दोघे सापडले. जर्मन सैनिकांनी हार्मेनलाही नेलं, त्याच्या बायकोलाही, अंगावरच्या एप्रनसकट. मी खिडकीतून पाहिलं. डाऊव बाजाराला गेला होता.

आता लिहूनच टाकते. मी रोझेटला म्हणाले, आजच्या आज निघा. डाऊवला हे ठाऊक नाही.

ती रडली नाही, विनवण्याही केल्या नाहीत. कप विसळला, कोट चढवला, योनासला बोलावलं. मग हळूच विचारलं, "मागच्या दारानं जाऊ ना? पुढून गेलो तर तुमच्या घरातून निघालेलं कोणाला तरी दिसायचं."

तिला माझी काळजी, ताई. मी तिचा कोट असा ओढला की बाही उसवली. दोघांना खड्ड्यात उतरवलं, फरशी बसवली, वर गवत पसरलं.

तासाभरात सैनिक आलेच. गवतात संगिनी खुपसल्या. एकजण नेमका त्या फरशीवर उभा राहून सिगरेट ओढत होता. मी गाईखाली बसले होते. तिची धार सकाळीच काढून झाली होती, आचळात थेंब नव्हता, तरी माझे हात चालूच. त्यानं बादलीत डोकावलं असतं तर?

नाही डोकावलं. ते गेले.

रोझेटनं ती बाही त्याच संध्याकाळी शिवून घेतली. दार वाजलं की पुन्हा तेच 'निघा' माझ्या तोंडून निघेल, याची अजून भीती वाटते.

आम्हाला नेलं तर गाई तू घेऊन जा. आणि कोणी म्हणालं, तुझी बहीण धीराची होती, तर मान डोलावू नकोस.

ते दोघं अजून इथेच आहेत.

तुझी,
हिस्के