मीच मागितलेला गतिरोधक

प्रति,
मा. उपअभियंता (रस्ते),
नगरपालिका कार्यालय, दुसरा मजला.

विषय : गल्ली क्रमांक चारमधील गतिरोधक गुरुवारपुरता काढून मिळणेबाबत.
संदर्भ : १) माझाच तीन वर्षांपूर्वीचा अर्ज. २) आपल्या कार्यालयाचे गेल्या सोमवारचे पत्र.

माननीय साहेब,

१. मी खाली सही करणारा सुतार, गल्लीच्या शेवटच्या घरात राहतो. शेजारच्या मुलीचा पाय मोटारसायकलखाली मोडला, तेव्हा इथे गतिरोधक बसवावा असा अर्ज मीच केला होता. त्यावरच्या अडतीस सह्या माझ्या पत्नीने दारोदार फिरून आणल्या. आपण अर्ज मंजूर केलात, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार माझी माझ्याबद्दल आहे. डांबर टाकणाऱ्या कामगारांच्या डोक्यावर उभा राहून "अजून थोडा उंच घ्या" असे मीच सांगितले. मंजूर उंची दहा सेंटिमीटर. माझ्या पट्टीने ती सोळा भरते.

२. या वर्षी पत्नीच्या कमरेच्या मणक्यांत गाठी निघाल्या. त्या काढताना दोन मणक्यांचे हाड कोरावे लागले आणि कणा डळमळू नये म्हणून स्क्रू व सळ्या बसवल्या. डॉक्टर समजावत होते आणि मला सगळे कळत होते, कारण भुसभुशीत लाकडात स्क्रू धरत नाही हे मला कुणी शिकवायला नको. दणका बसू देऊ नका, असे त्यांनी बजावले. घरी आणताना गाडी आमच्या दाराजवळच्या त्या गतिरोधकावर अगदी सावकाश चढली, तरी उतरताना दणका बसलाच. ती ओरडली नाही. "तुमचं काम नेहमी जरा जास्तच पक्कं असतं," एवढं म्हणाली आणि माझा हात सोडेना.

३. पंधरा दिवसांनी एक्स-रेमध्ये एक स्क्रू सैल दिसला आणि तिला पुन्हा दाखल केले. डॉक्टर म्हणतात, दोष गतिरोधकाचा नाही, रोगाने हाडच पोकळ झाले होते. मी मान डोलावली. पटले नाही, आजही पटत नाही.

४. आपल्या कार्यालयात मी सहा खेपा घातल्या. आधी सांगण्यात आले, गाडी हळू चालवा. मग, दुसऱ्या रस्त्याने न्या. गल्ली पुढे बंद आहे. सोमवारच्या पत्रात मूळ अर्जदाराचे ना-हरकत पत्र मागितले आहे. मूळ अर्जदार मीच. त्यानुसार मी मला विनंती केली, ती मी मान्य केली आणि दोन्ही ठिकाणी सही करून पत्र सोबत जोडले आहे. त्या अडतीस जणांची संमतीही हवी, असे कळवले आहे. सदतीस सह्या आणल्या. अडतिसावी पत्नीची. तिला आता पेन धरवत नाही, म्हणून अंगठा घेतला आहे.

५. साहेब, आता पुन्हा शस्त्रक्रिया होणार नाही. रोग पसरला आहे, घरी न्या, असे डॉक्टरांनी सांगितले. गुरुवारी सकाळी दहाला तिला आणतो आहे. तिला न वाकता उठता यावे म्हणून मी नेहमीपेक्षा वीतभर उंच खाट केली होती. आता उठण्याचा प्रश्न नाही, पण तिला त्याच खाटेवर निजायचे आहे. आपल्याकडे माणसे नसतील तर परवानगी तेवढी द्यावी. बुधवारी पहार घेऊन मी स्वतः फोडतो.

६. गल्लीत मुले खेळतात. म्हणून शुक्रवारी गतिरोधक पुन्हा बसवावा, मंजूर उंचीचा. तिला या रस्त्याने आणखी एकदा न्यावे लागेल, हे मी जाणतो. तेव्हा तिला दणका लागणार नाही.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा,
(सही)
सुतार, गल्ली क्रमांक चार
मंगळवार