नंतर आठवण करा

४ मार्च
संगणकावर पाटी आली. अपडेट पूर्ण करायला रीस्टार्ट करा म्हणे. खाली दोन बटणं : ‘आत्ता’ आणि ‘नंतर आठवण करा’. मी ‘नंतर’ दाबलं. या घरात काय कधी बंद करायचं ते मी ठरवतो. त्याच वेळी बायकोने येऊन माझा पंखा बंद केला. योगायोग.

५ मार्च, सकाळी
पुन्हा पाटी. पुन्हा ‘नंतर’. ‘निर्णय घ्यायला शिका’ या माझ्या पुस्तकासाठी ढीगभर खिडक्या उघडून ठेवल्यात. बंद केल्या तर विचारांची साखळी तुटेल. पहिलं वाक्य अजून सुचलेलं नाही, पण साखळी आहे.

८ मार्च
धाकटा मेहुणा जेवायला आला. कॉम्प्युटर कंपनीत आहे, त्यामुळे न विचारता सांगतो. म्हणाला, भावोजी, वापरात असलेली फाइल बदलता येत नाही. तुम्ही पलंगावर आडवे असताना खालची चादर कशी बदलणार? उठावंच लागतं. सिस्टमचा गाभा तर मशीन सुरू होतानाच मेमरीत जाऊन बसतो. डिस्कवर नवा आणून ठेवला तरी रीस्टार्ट होईपर्यंत काम जुनाच करतो.
मी अडवलं. मग काही अपडेट्स रीस्टार्टशिवाय कसे होतात? म्हणाला, तिथे तेवढा एक प्रोग्राम बंद करून उघडला की भागतं.
बायको म्हणाली, चादरीचं अगदी पटलं, माझं रोज सकाळी तेच होतं. बहीणभाऊ बराच वेळ हसले. मी आत जाऊन ‘नंतर’ दाबून आलो.

११ मार्च
बायकोची मुख्य ग्रंथपालपदासाठी ऑनलाइन मुलाखत आहे. किती वर्षं वाट बघत होती. म्हणाली, तेवढं रीस्टार्ट करून ठेवा. करतो म्हणालो. कधी, ते बोललो नाही.

१३ मार्च
‘नंतर’ बटण गायब. आता म्हणे वेळ निवडा. असल्या धमक्यांना मी भीक घालत नाही. उद्या अकरा टाकून मोकळा झालो. याला म्हणतात निर्णय.

१४ मार्च
मुलाखत अकराला होती.
समितीने पहिला प्रश्न विचारला आणि स्क्रीन निळी झाली. अपडेट चालू आहे, बंद करू नका. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मग उठली, शेजारच्या शिंपीणबाईंकडे गेली आणि त्यांच्या फोनवरून, कापडांच्या गठ्ठ्यांत बसून, मुलाखत दिली. मी घरी थांबून कंपनीचा निषेध केला.

१९ मार्च
तिची निवड झाली. समितीतल्या बाई म्हणाल्या म्हणे, ऐनवेळी डोकं शांत ठेवणारं माणूसच हवं होतं. म्हणजे यात माझाही वाटा आहे. हे मी बोलून दाखवलं. दाखवायला नको होतं.

२ एप्रिल
बायकोने स्वतःचा लॅपटॉप घेतला. जुना संगणक आता पूर्ण माझा. त्यावर नवी पाटी : हे मॉडेल जुनं झालं असून यापुढे अपडेट मिळणार नाहीत. शेवटी कंपनीच झुकली.

९ एप्रिल
दिवसभर समोर बसून होतो. एकही पाटी आली नाही. दुपारी मीच रीस्टार्ट करून पाहिलं. कोणाच्या सांगण्यावरून नाही.
सगळं होतं तसंच आहे.