जाऊबाईंचा डावा हात

१२ जानेवारी २००९, संध्याकाळ

आज जाऊबाईंना घेऊन सावंगीला, भाचीच्या मेडिकल कॉलेजात गेले. कापसाच्या जिनिंगच्या यंत्रात त्यांचा डावा हात कोपरापासून गेला, त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून त्या म्हणतात, "तळहात खाजून राह्यला." आणि मी, कॉन्व्हेंटात शिकलेली, दर वेळी सांगायचे, "हातच नाही, तर खाजेल काय?" एकदा तर नाटक म्हणाले. चारचौघांत.

भाचीने त्यांच्या डोळ्यांवर कॉम्प्युटरला जोडलेला जाड चष्मा चढवला. त्यात त्यांना आपले दोन्ही हात दिसत होते. चष्म्यातल्या डाव्या तळहातावर ब्रश फिरू लागला, तेव्हाच भाची इकडे खरा ब्रश त्यांच्या उरलेल्या डाव्या दंडावर फिरवत होती.

जाऊबाई ओरडल्याच, "तिथंच वो पोरी, तळहातावर! अन् बांगड्या काऊन नाई भरल्या याले?"

सगळे हसले. मला हसू येईना. म्हणजे अकरा वर्षं खरंच खाज सुटत होती, आणि मी...

माफी मागायची होती. परतताना देवळीच्या बसमध्ये मुद्दाम त्यांच्या डाव्या अंगाला, अगदी चिकटून बसले.

"जरा सरक नं," त्या म्हणाल्या, "हात दबून राह्यला माहा."

मी सरकले. चांगली वीतभर सरकले.