काटा पंधराच्या खाली येणार नाही

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी.

आज ट्रकची पूजा केली आणि ही रोजनिशी सुरू केली. दोन्ही कामं एकाच मुहूर्तावर.

सगळी नोकरी वाळूजच्या कंपनीत, क्वालिटी डिपार्टमेंटला काढली. तिथं एकच शिकलो: जे मोजता येतं ते सुधारता येतं. रिटायर झाल्यावर लोक बागेतल्या बाकावर बसून पित्ताच्या गोष्टी करतात. मी लासूर स्टेशनच्या एका अडत्याचा जुना ट्रक घेतला आणि मॉडिफाय केला. टर्बो मोठा. टाकीतलं डिझेल पुढं ढकलायला वेगळा इलेक्ट्रिक पंप. डिझेलचं प्रेशर कमी-जास्त करायला रेग्युलेटर. आणि केबिनमध्ये, बरोबर माझ्या नाकासमोर, प्रेशरचं मीटर. काटा पंधरावर पाहिजे. कमी झाला तर इंजिन उपाशी, जास्त झाला तर अजीर्ण. रेग्युलेटरचा स्क्रू आत पिळला की प्रेशर वाढतं, बाहेर काढला की उतरतं. लोक एवढ्यासाठी मेकॅनिककडं जातात, याचं हसू येतं.

पूजेचं हळदीकुंकू दोन दिवसांत पुसलं जातं. म्हणून टाकीच्या टोपणावर पितळी स्वस्तिक कायमचं चिकटवलं. चहूबाजूंनी एपॉक्सी. मुंगी शिरणार नाही.

बायको प्रेरणा फरसाण-फराळ करते. तिला फर्दापूरच्या विशाखाताईंच्या हॉटेलची ऑर्डर मिळाली आहे. अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात, म्हणून दर मंगळवारी सकाळी ताजा माल पोचवायचा. आणि अठरा तारखेला दिवाळीचा मोठा फराळ. तिची पहिली मोठी ऑर्डर. ती म्हणाली की ट्रकनं न्या, माझं काय म्हणणं नाय, पण अठराला उशीर झाला तर विशाखाताई दुसरीकडून घेतील, मग मी दादाला सांगीन. दादा म्हणजे सखाराम, तिचा भाऊ. त्याच्याकडं छोटा हत्ती टेम्पो आहे.

संकल्प: सखारामच्या गाडीत या घरची एक चकलीसुद्धा चढणार नाही.

४ ऑक्टोबर, शनिवार.

ट्रायल. घरून, उस्मानपुऱ्यातून निघून लासूर स्टेशनपर्यंत. निघताना काटा पंधरा. अर्ध्या रस्त्यात अकरा. घाबरलो नाही. गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं, रेग्युलेटर पाव फेरा आत पिळला. मग डिझेल किती आहे म्हणून टाकीचं टोपण उघडलं. जोरात फुस्स असा आवाज आला. निरोगी आवाज होता. परत निघालो तर काटा सोळा!

पाव फेऱ्यात पाच पॉइंट. हात बसला आहे.

७ ऑक्टोबर, मंगळवार. रात्री.

पहिली डिलिव्हरी. प्रेरणा शेजारी. माल मागं.

फुलंब्रीच्या पुढं काटा दहा. पाव फेरा. पुन्हा खाली. अर्धा फेरा. सिल्लोडच्या अलीकडं काटा चारवर आला आणि गाडी खोकून बंद पडली. प्रेरणानं घड्याळात बघितलं. डिझेल संपलं का बघायला टोपण उघडलं. फुस्स. टाकी अर्धी भरलेली. स्टार्टर मारला, चालू. काटा एकोणीस. माझ्या अर्ध्या फेऱ्यानं उशिरा का होईना काम केलं.

फर्दापूरला पोचलो तोवर पर्यटकांचा नाश्ता आटोपला होता. विशाखाताई म्हणाल्या, ताई, चिवडा झकास आहे, पण नाश्ता झाल्यावर चिवडा काय कामाचा? हे त्या प्रेरणाला म्हणाल्या. बघत माझ्याकडं होत्या.

घरी येऊन कंपनीच्या पद्धतीनं पाच वेळा ‘का?’ विचारलं. प्रेशर का पडलं? डिझेल कमी पोचलं म्हणून. का? डिझेलात दम नाही म्हणून. का? हवामान दमट आहे म्हणून. का? परतीचा पाऊस. का? त्याला कोण विचारणार. मूळ कारण सापडलं: निसर्ग.

९ ऑक्टोबर, गुरुवार.

सखाराम आला. चहा पिताना म्हणाला, दाजी, राग नका मानू, पण दर वेळेला स्क्रू पिळायचा म्हंजे पोरगं रडतंय म्हणून त्याला दूधच पाजत ऱ्हायचं. पोटात दुखतंय का तेबी बघा की कधी. मी म्हणालो, तुझ्या गाडीत प्रेशरचं मीटर आहे का? नाय म्हणाला. मी म्हणालो, मग तुला कळतंय कसं की तुझी गाडी चांगली चालली आहे? तो म्हणाला, चालतीया म्हणून कळतंय.

असल्या अशास्त्रीय माणसाशी काय बोलणार. बिस्किटं मात्र सगळी संपवून गेला.

११ ऑक्टोबर, शनिवार.

फराळाची तयारी जोरात. घरभर बेसन. मलाही कामाला लावलं. तेलाचा पंधरा किलोचा डबा फोडून कढईत तेल ओतायचं होतं. प्रेरणानं खिळ्यानं एकच भोक पाडलं. तेल गुडगुड करत थांबत-थांबत येऊ लागलं, मग अडलंच. मी खिळा-हातोडी घेतली, समोरच्या कोपऱ्यात दुसरं भोक पाडलं, धार लागली. सायन्स समजावून सांगितलं. हवा आत गेल्याशिवाय तेल बाहेर कसं येईल? डब्यात पोकळी होते, ती तेलाला मागं ओढते. डब्याला श्वास घ्यायला जागा द्यावी लागते. प्रेरणा म्हणाली, लई भारी. मी म्हणालो, बेसिक आहे गं. अठ्ठावीस वर्षं उगाच नाही काढली.

दुपारी एमआयडीसीत चक्कर. काटा पुन्हा खाली. अर्धा फेरा पिळला. या गाडीचं काय दुखतं, देव जाणे.

१४ ऑक्टोबर, मंगळवार.

आजचा दिवस ऐतिहासिक. शोध लावला.

सिल्लोडला काटा पुन्हा सहा. उतरलो, स्क्रू पिळला, सवयीनं टोपण उघडलं. फुस्स. प्रेरणा खिडकीतून म्हणाली, अहो, हे फुस्स म्हंजे आत हवा शिरतीया ना? मी म्हणालो, अर्थातच. ती म्हणाली, मंग तुमीच सांगितलं ना परवा डब्याचं. ह्या टाकीचं दुसरं भोक कुठंय?

दुसरं भोक टोपणातच होतं. बारीकसं. पितळी स्वस्तिकाच्या बरोबर खाली, एपॉक्सीच्या पोटात. टाकी एवढे दिवस श्वास कोंडून डिझेल देत होती. टोपण उघडलं की हवा आत, प्रेशर वर. स्क्रूचा काही संबंध नव्हता.

हा सिद्धांत माझा आहे हे नोंदवून ठेवतो. प्रेरणानं फक्त आठवण करून दिली.

शेजारच्या पंक्चरवाल्याकडून खिळा आणि हातोडी घेऊन प्रेरणानंच टोपणाला कडेनं भोक पाडलं. स्वस्तिकाला धक्का लागला नाही. गाडी चालू केली आणि काटा थेट सत्तावीसवर. आणि तिथंच राहिला! फर्दापूरला वेळेत पोचलो. विशाखाताईंनी चहा दिला. कपबशीत.

येताना घाट चढायचा होता. ट्रक वाघासारखा चढला. प्रेरणा म्हणाली, काटा पंधरावर पायजे म्हणला होतात, मग आता स्क्रू तेवढा परत ढिला करा की. मी म्हणालो, बघू. ती म्हणाली, बघू म्हंजे? मी म्हणालो, जास्त आहे, कमी तर नाही ना.

खरं सांगायचं तर (इथं कोण वाचतंय) स्क्रू ढिला करायचा म्हणजे एवढे दिवस पिळला तो चुकीचा पिळला असं होतं. मागं घेणं माझ्या स्वभावात नाही. सत्तावीस म्हणजे मार्जिन. क्वालिटीत मार्जिनला किंमत असते.

१६ ऑक्टोबर, गुरुवार.

चमत्कार. इंजिन ऑइलची पट्टी काढून बघितली. इतरांच्या गाड्या ऑइल खातात. माझ्या गाडीचं ऑइल वाढलं आहे! वरच्या खुणेच्याही वर गेलं. पातळ आणि चपळ झालं आहे, जरा डिझेलचा सुवास येतो. लगेच सखारामला फोन केला. म्हणालो, माझा ट्रक ऑइल तयार करायला लागला. तो म्हणाला, दाजी, ताईला फोन द्या.

जळफळाट, दुसरं काय. फोन दिला. ती बाहेर अंगणात जाऊन बोलली. आत आली आणि मला म्हणाली, प्रेशर जास्ती झालं म्हणून इंजिनवरच्या पंपातलं सील फाटलं असंल, डिझेल ऑइलमध्ये उतरतंय म्हणतोय दादा. गाडी नका काढू. मी म्हणालो, परवा फर्दापूरला माल माझ्याच गाडीतून जाणार. हा माझ्या शब्दाचा प्रश्न आहे. ती म्हणाली, बरं.

एका ‘बरं’मध्ये पटलं तिला. आकडे समोर असले की बायकोसुद्धा ऐकते.

१८ ऑक्टोबर, शनिवार. सकाळ.

आज दिवाळीचा फराळ. पहाटे उठलो तर खोकी ट्रकमध्ये भरून, ताडपत्री बांधून तयार! प्रेरणानं आणि शेजारच्या मनकर्णाबाईंनी रात्रीच भरली म्हणे. मला झोपू दिलं. प्रेरणा म्हणाली, मी पुढं जाते, विशाखाताईंशी बोलून जागा करून ठेवते. तिनं माझा शर्टही इस्त्री करून ठेवला होता.

काटा सत्तावीस. निघतो.

त्याच दिवशी. दुपार.

हे अजिंठा गावाच्या अलीकडं, रस्त्याच्या कडेला लिंबाखाली बसून लिहितो आहे.

फुलंब्रीपर्यंत गाडी पाण्यासारखी पळाली. एवढा माल असूनही लोड जाणवतच नव्हता. सिल्लोडच्या पुढं पांढरा धूर सुरू झाला. मागचे लोक हॉर्न देऊ लागले. मग ऑइलचा लाल दिवा लागला. मग इंजिनातून खडखड. मग एक मोठा खड. मग शांतता. या शांततेतही प्रेशरचा काटा सत्तावीसवर होता, हे नोंदवतो. मीटर उत्तम आहे.

मी हरलो नाही. ठरवलं की माल पोचलाच पाहिजे. एका रिकाम्या पिकअपला हात केला. ड्रायव्हर भला माणूस, फर्दापूरला नेतो म्हणाला. ताडपत्री सोडली. पहिलं खोकं उचललं आणि मागं पडता-पडता वाचलो. वजनच नव्हतं. उघडलं. रद्दी. दुसरं उघडलं. रद्दी. तिसरं. ड्रायव्हर म्हणाला, काका, रद्दी घेऊन फर्दापूरला कशाला चाललात?

प्रेरणाला फोन केला. मागं गर्दीचा आवाज. ती म्हणाली, माल कवाच पोचला, सकाळीच, दादाच्या गाडीतून. विशाखाताई लई खूश हायत. मी विचारलं, मग मला का पाठवलं? ती म्हणाली, तुमी ऐकलं असतं का? दिवाळीत भांडण नको होतं मला. आणि माझी ऑर्डर तुमच्या काट्यावर नव्हती ठेवायची. मग म्हणाली, केबिनमध्ये सीटखाली डबा ठेवलाय, जेवून घ्या.

म्हणजे तिला माहीत होतं. मी कुठं बंद पडणार तेवढंच माहीत नव्हतं.

फार राग आला. मग वाईट वाटलं. मग भूक लागली. डब्यात मेथीची भाजी होती, चकल्या होत्या. चकली खुसखुशीत होती. मनातल्या मनात शंभर वेळा म्हणालो की खाणार नाही. शेवटची चकली पिकअपवाल्याला दिली.

२० ऑक्टोबर, सोमवार.

टोचन करून ट्रक घरी आणला. इंजिन जाम. खर्चाचा विषय कुणी काढला नाही, मीही नाही. मागच्या मोकळ्या जागेत उभा केला आहे. प्रेरणा म्हणाली, इकू नका. मला आनंद झाला. मग ती म्हणाली, बेसन अन् तेलाचे डबे ठेवायला जागाच नव्हती, तिथं ठेवते. संध्याकाळी तिनं ट्रकमध्ये झाडू मारला, कागद अंथरले, दाराला कुलूप लावलं. किल्ली तिच्या कमरेला.

मी स्पष्ट सांगितलं: ही तात्पुरती व्यवस्था आहे. ती म्हणाली, व्हय.

२८ ऑक्टोबर, मंगळवार.

फर्दापूरचा माल आता सखारामच्या छोट्या हत्तीतून जातो. काल रात्री प्रेरणा म्हणाली, वळणावर डबे हलतात, चकल्या मोडतात, कुणीतरी मागं धरून बसायला पायजे. मी म्हणालो की विचार करून सांगतो. माझ्यासारख्या माणसानं हौद्यात बसायचं, हे उस्मानपुऱ्यात कुणी बघितलं तर? पहाटे पाचला तयार होतो. उजेड पडायच्या आत निघालो.

पुढं सखाराम आणि प्रेरणा. मागं मी, दोन्ही हात डब्यांवर, पाय ताडपत्रीवर. घाटात एकही चकली मोडू दिली नाही. सखारामला उतरल्यावर सांगितलं की ब्रेक फार अचानक मारतोस. तो म्हणाला, बरं दाजी.

विशाखाताईंच्या हॉटेलच्या दारात नवा वॉचमन होता. मला म्हणाला, हमाल लोकांनी मागच्या दारानं जायचं. प्रेरणा पुढून गरजली, हमाल नाय ते, मालक हायत! वॉचमन ओशाळला, साहेब, सॉरी, इकडून या म्हणाला.

मी मागच्याच दारानं गेलो. दोन्ही हातांत डबे होते, आणि या वेळी ते जड होते.