कडीचा टाक

वरवे बुद्रुक,
११ मार्च

प्रिय शेफाली,

तुझा तक्ता गुरुवारी कुरियरने आला. जेवणाच्या टेबलावर उलगडला, चार कोपऱ्यांवर चार डबे ठेवले आणि चष्मा पुसून वाचायला बसले. वर मधोमध अंबूबाई, तिच्याखाली अकरा मुलं आणि त्यांच्याखाली पसरत गेलेले आपण सगळे. एकशे त्रेचाळीस नावं. हिर्डोशीच्या जत्रेला भावकी जमेल तेव्हा देवळाच्या मंडपात हा लावायचा, म्हणून वीस तारखेच्या आत छापायला द्यायचाय. 'आई, फक्त नावं तपास आणि फोन कर,' असं तू चिठ्ठीत लिहिलंस. नावं तपासली. फोन करत नाही, पत्रच लिहिते आहे. तक्त्यात दोन चुका आहेत. एक अगदी वर आहे, एक अगदी खाली. हे पत्र शेवटपर्यंत वाचल्याशिवाय तक्ता छापायला देऊ नकोस.

वरच्या चुकीचा संशय मला आकड्यांमुळे आला. थोरला ज्ञानू १८७१चा, सगळ्यांत धाकटा १९०८चा. एकतीस वर्षं मी चौथीच्या वर्गाला गणित शिकवलं, त्यामुळे वजाबाकी आपोआप होते. पहिलं मूल पंधराव्या वर्षी झालं असं धरलं, तरी शेवटचं बावन्नाव्या वर्षी येतं. तू समासात लिहिलंयस, 'काय बाई असेल!' मला वाटलं, ही एक बाई नव्हेच. आणि पुरावा तुझ्याच कागदांत होता. भोरच्या जुन्या दप्तरातून त्या मोडी वाचणाऱ्या गृहस्थांनी तुला ज्या मृत्यूच्या नोंदी काढून दिल्या, त्यांत १८८९ची एक ओळ आहे: 'अंबू कोम गेनू, बाळंतरोग.' कोम म्हणजे अमक्याची बायको. त्यापुढे तू पेन्सिलीनं लिहिलंस, 'दुसरी कोणीतरी. आपली अंबूबाई १९३१ला गेली.' गाव तेच, आडनाव तेच, नवऱ्याचं नाव तेच, आणि म्हणे दुसरी कोणीतरी. मला काही पटलं नाही.

खरं सांगायचं तर त्याआधी मला संशय आला होता तो तुझाच. बाबांचं वर्षश्राद्ध झालं आणि पुढच्याच महिन्यात तुला पूर्वजांची ओढ लागली. बंगळूरहून रजा काढून तू भोरला गेलीस आणि कचेरीच्या दारातून मला फोन केलास, 'आई, इथं सगळं सापडतं गं!' मी भाकरी थापत होते. तव्यावरची करपून गेली. मला वाटलं, हिला अंबूबाई नकोच आहे. अंबूबाईच्या आडून ही दुसरंच काहीतरी शोधते आहे. त्यानंतर तुझ्या प्रत्येक प्रश्नाचा मी वाकडा अर्थ लावायला लागले. आपण भोर सोडून वरव्याला का आलो, असं तू सहज विचारलंस. मी म्हटलं, माझी बदली झाली म्हणून. बदली झाली हे खरं. ती मी मागून घेतली होती, हे मी सांगितलं नाही.

तर शनिवारी मी हिर्डोशीला गेले. रिक्षानं नसरापूर, तिथून भोर, आणि भोरला दीड तास बसून हिर्डोशीची एसटी. तुला न सांगता गेले, त्याचा राग मानू नकोस. कोंडिबांकडे जायचं होतं. पंच्याऐंशीचे आहेत, अंबूबाईच्या धाकट्या मुलाचा मुलगा. तिच्याबद्दल ऐकलेलं माणूस आता तेवढंच उरलं आहे. पण घरात शिरल्या शिरल्या गाठ पडली त्यांच्या नातवाशी, कुमारशी. मी वंशावळ म्हटल्याबरोबर त्याचा चेहरा बदलला. "वहिनी, जुनी नावं कशापायी? कुंडलिकदादा असताना कुनी इचारली न्हाईत." बाबांना तो कुंडलिकदादाच म्हणायचा. मी म्हटलं, शेफालीला हौस आहे. "हौस लई म्हाग असती. धरणाकडंच्या जमिनीला आता पुन्या-मुंबईची गिऱ्हाइकं येत्यात. सातबाऱ्यावर नाव चडवायचं आसंल तर सरळ बोला, तक्ता कशाला?" मी देवाशपथ नाही म्हटलं. त्यानं मान हलवली, पण कपाटाला कुलूप घातलं ते माझ्या डोळ्यांदेखत. मग बायकोला माझ्याजवळ बसवून ठेवलं. मी हात धुवायला मागच्या दारी गेले तर तीही पाण्याचा तांब्या घेऊन मागोमाग. मला चीड आली आणि लगेच हसूही आलं. तू भोरहून फोन केलास तेव्हा मीही असंच कुलूप लावलं होतं की!

कोंडिबा ओटीवर उन्हात बसून चिंचेनं देवाचे टाक घासत होते. जत्रेआधी टाक उजळायचे ही त्यांच्याकडची रीत, आणि हे काम ते सुनांना करू देत नाहीत. मला ओळखलं. "मास्तरीण! आता माजी हजेरी घ्याया आलीस व्हय? हाय गं, हजर हाय." मी बसले आणि त्यांनी घासलेले टाक फडक्यानं पुसायला लागले. खंडोबा, भवानी, म्हातोबा. त्यांत एक अगदी लहान, अंगठ्याच्या नखाएवढा टाक निघाला. त्यावर बाईचं चित्र होतं, पण इतकं झिजलेलं की नाक-डोळे हातालाच कळावेत. आणि वर कडी. देव्हाऱ्यातल्या टाकाला कडी कशाला लागते? तो तर फडक्यावर नुसता मांडायचा. मी कडीवर बोट ठेवून विचारलं. कोंडिबा म्हणाले, "सवतीचा हाय तो. अंबूआजीच्या गळ्यात आसायचा."

तुला ही रीत ठाऊक नसेल, म्हणून सांगते. पहिली बायको गेली आणि नवऱ्यानं दुसरी केली की त्या दुसरीनं गेलेलीचा टाक गळ्यात घालायचा. नवं लुगडं आधी त्या टाकाला दाखवायचं, हळदीकुंकू आधी त्याला, मग स्वतःला. तिची जागा तू घेतलीस, तर तिला घेऊनच घरात वावर, असा त्यातला अर्थ. गेनूच्या घरानं आणखी एक पाऊल पुढं टाकलं होतं. लग्नात नवरीचं नाव बदलतात, तर त्यांनी दुसरीला पहिलीचंच नाव दिलं, अंबू. सहा लेकरांच्या तोंडी नवं नाव कशाला बसवायचं, म्हणून. म्हणजे १८८९ला गेली ती आपली अंबू, आणि १९३१ला गेली तीही आपलीच. सहा मुलं पहिलीची, पाच दुसरीची. दुसरी आली तेव्हा पंधरा वर्षांची असेल; थोरला ज्ञानू, म्हणजे तुझ्या बाबांचे पणजोबा, अठराचा होता. मी विचारलं, तिचं माहेरचं नाव काय होतं? कोंडिबांनी टाक उन्हात धरून पाहिला. "कुनाला ठावं! तिनं सांगितलं न्हाई, कुनी इचारलं न्हाई."

घरात तिचा एकच नियम होता म्हणे. कोणतं मूल कोणाचं, हे तोंडून काढायचं नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, "अकराच्या अकरा माजीच." ऐकायला फार छान वाटतं. मलाही वाटलं. तसं मी बोलून दाखवलं, तर कोंडिबा म्हणाले, "चांगलं व्हतं, पर फुलाआत्याला लई लागलं." फुलाबाई ही पहिलीची सहावी, जिच्या बाळंतपणात पहिली गेली तीच. थोरल्या पाचांना सगळं ठाऊक होतं. हिलाच ठाऊक नव्हतं, आणि नियमामुळे कोणी सांगितलं नाही. तिला वेल्ह्याकडं दिली. तिथं एक दिवस कांडताना जावेनं टोमणा मारला, जल्मताच आय खाल्लीस तू. पोर तशीच निघाली. डोंगरवाटेनं दोन दिवस चालत हिर्डोशीला आली आणि उंबऱ्याबाहेर बसली. पाणी घेईना. अंबूबाई म्हणाली, मी तुला कधी कमी केलं का? फुला म्हणाली, "कमी न्हाई केलंस. पर मला जावंनं का सांगावं? तुला त्वांड न्हवतं?" हे फुलाबाईनं तिच्या म्हातारपणी कोंडिबांना स्वतः सांगितलं होतं, त्यामुळे यात पदरचं काही नसावं. अंबूबाईनं गळ्यातला टाक काढून तिच्या हातात दिला. तो घेऊन, पाण्याचा घोट न घेता, फुला परत गेली. चार वर्षं माहेरी आली नाही. मग पहिलं बाळंतपण आलं, तेव्हा मात्र आली. टाक तिच्या गळ्यात होता. तो तिनं काढला आणि सावत्र आईच्या गळ्यात बांधला. "हिला तुज्याजवळ ऱ्हाऊ दे. मी बाळतीन हाय तवर दोघीबी लागताल," एवढंच बोलली.

माझ्या हातातलं फडकं तसंच राहिलं होतं. कोंडिबांनी ते काढून घेतलं आणि म्हणाले, "मास्तरीण, तू पुसतीस कमी आन रडतीस जास्त."

परतीच्या एसटीपर्यंत कुमार सोडायला आला. माझी पिशवी त्यानंच धरली होती. आत कागद आहेत का ते चाचपत असावा. गाडी दिसल्यावर म्हणाला, "वहिनी, जत्रंत तक्ता मी माईकवरनं वाचून दावनार. भावकीला कळाया पायजे ना, कोन कुनाचं. तवा एक इचारून ठिवतो. शेफालीच्या आयच्या जागंला कुनाचं नाव घातलंय?" मी चढले आणि खिडकीशी बसले. तो खाली उभा राहून बघत होता. त्याला जमिनीची भीती आहे आणि भीतीपोटी तो बोलणार, हे मला स्वच्छ दिसलं. भोर येईपर्यंत माझ्या डोक्यात फुलाबाईचा एकच प्रश्न होता.

आता खालची चूक. बाबांच्या चौकटीला जोडून एकच नाव आहे, माझं. तिथं दोन पाहिजेत. पहिलं नाव शुभा. ती तुझी आई. तू आठ महिन्यांची असताना काविळीनं गेली, भोरलाच. मी आले तेव्हा तू चौदा महिन्यांची होतीस आणि मला 'आई' म्हणायला तुला दोन दिवस लागले. ते सुटू नये म्हणून मी पुढची बत्तीस वर्षं पहारा दिला. शाळेच्या दाखल्यावर माझं नाव मी घातलं. जन्माचा दाखला हरवला असं तुला सांगितलं, तो माझ्याजवळ आहे. हिर्डोशीला तुला कधी मुक्कामी राहू दिलं नाही ते तिथं डास असतात म्हणून नव्हे. बाबांना सांगायचं होतं. मीच दरवेळी म्हटलं, दहावी होऊ दे, बारावी होऊ दे, लग्न होऊ दे. तुझ्या वाढदिवसाला पेढे घेऊन येणाऱ्या भोरच्या आजी आपल्या जुन्या घरमालकीण नव्हत्या, त्या शुभाच्या आई. तुला मांडीवर घेण्याआधी त्या माझ्याकडे बघायच्या, आणि मी मान हलवल्यावरच घ्यायच्या. मला सगळ्यांत जास्त याची लाज वाटते. माझ्या लग्नात तुझ्या इथल्या आजीनं, म्हणजे माझ्या सासूनं, माझ्यापुढे एक टाक धरला होता. मी शिकलेली; म्हटलं, मेलेल्या बाईला गळ्यात घेऊन मी फिरणार नाही. तो टाक आजीच्या माघारी मला तिच्या पेटीत सापडला. शिलाई मशीनच्या खणात ठेवला होता. तो, शुभाचा फोटो आणि तुझा जन्मदाखला सोबतच्या पाकिटात आहेत. टाक अजिबात झिजलेला नाही, बघ. कुमारनं माईकवरून सांगण्याआधी हे तुला माझ्याकडून कळावं, एवढ्यासाठी हे पत्र. तू उंबऱ्याबाहेर बसलीस, पाणी घेतलं नाहीस, तरी मी समजून घेईन. तक्ता छाप किंवा छापू नकोस. छापलास तर वर दोन चौकटी कर, आणि दुसरीत 'अंबू' लिहू नकोस. ते तिचं नाव नव्हतं. ती कोरी ठेव. आजवर तुला लिहिलेल्या प्रत्येक पत्राखाली मी 'आई' लिहिलं. आज माझं नाव लिहिते आहे, कारण त्या शब्दावर आता तुझा निर्णय चालेल, माझा नाही.

तुझीच,
विमल